‘फक्त सपोर्टिव्ह’: वॉर्डातली टिपणं

केसपेपरवर तीन अक्षरं असतात: सीएसटी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. आहे तेच चालू ठेवा. सकाळच्या राउंडला वॉर्ड भरलेला असला की निम्म्या कागदांवर ही अक्षरं उमटतात आणि खाली इंटर्नची सही. डेंग्यूच्या एका पोराच्या कागदावर सलग तीन दिवस सीएसटी होतं. मी विचारलं, सेम म्हणजे काय? इंटर्न म्हणाला, ‘विशेष काही नाही सर, फक्त सपोर्टिव्ह.’ डेंग्यूच्या विषाणूवर औषध नाही, हे त्याला पाठ होतं. रात्रीतून लघवी किती झाली, हिमॅटोक्रिट वर चाललंय की खाली, सलाईन कोणत्या वेगाने जातंय, आईने तोंडाने काय पाजलं, यातलं एकही त्याला सांगता येईना. डेंग्यूतली पोरं याच आकड्यांवर वाचतात किंवा जातात.

पोरगं वाचलं. सिस्टरने तक्ता नीट भरून ठेवला होता म्हणून. इंटर्नवर मी त्या दिवशी ओरडलो, आणि घरी आल्यावर वाटलं, त्याला ‘फक्त’ म्हणायला शिकवलं कुणी? आम्हीच.

*

शुश्रूषा. रोज वापरातला शब्द, पण फोडून बघावा असा. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ‘श्रु’ धातूचं इच्छार्थक रूप. ज्याला गुरूचं ऐकावंसं वाटतं तो गुरूची सेवा करतो, म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा. तिथून तो शब्द आजाऱ्याच्या खाटेशी आला. खाटेशी आल्यावर त्यातलं ऐकणं कुठे गळालं कोण जाणे.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाकडे चार गोष्टी हव्यात. उपचार कसे करायचे याचं ज्ञान, हाताचं कसब, रोग्याबद्दल माया आणि स्वच्छता. वैद्याला मान पहिला, पण उरलेले तीन पाय नसतील तर चौरंग उभा राहत नाही. आमची साडेचार वर्षं पहिल्या दोन पायांवर जातात.

*

१९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेजवळ बनगावच्या इस्पितळात कॉलरा. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा दोन खोल्यांच्या जमिनीवर माणसं पडलेली, आणि सलाईन लावायला त्या उलटी-जुलाबातच गुडघे टेकून बसावं लागे. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. मग कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरल्या. लिटरमागे मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच, ग्लुकोज बावीस. बनगावला ते पिंपात कालवलं, पिंपाला तोटी, आणि पाजायचं काम रोग्याच्या आईकडे, भावाकडे, शेजाऱ्याकडे. छावणीतला मृत्युदर शेकडा तीसच्या घरात होता, तोंडाने पाणी घेणाऱ्यांत तो ३.६ वर आला.

यामागचं विज्ञान आधीच तयार होतं. लहान आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला हाताला धरून नेतं आणि त्या दोघांमागे पाणी जातं. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही, बाकीच्या बिघडतात. डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात रोग्यांवर ते मोजून दाखवलं. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी तोंडाने पाणी पाजून कॉलरा बरा केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तोंडाने पाजायचं, तेही नातेवाइकांनी? याला काय उपचार म्हणायचं?

मला या गोष्टीत पिंपाची तोटी सगळ्यात आवडते. उपचार डॉक्टरच्या हातून सुटून आईच्या हातात गेला, आणि त्यामुळेच तो जगभर पोचला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अग्रलेखात ग्लुकोज-सोडियमच्या त्या जोडीच्या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण पुढच्या वर्षी, मरणोत्तर.

*

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी तेच पाणी, म्हणजे ओआरएस, शिकवायचो ते असं: पातेलं, लिटरचं माप, पाकीट, चमचा. कालवा आणि चाखा. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मग जुलाबाच्या वॉर्डात एकेका पोराशेजारी एकेकजण, तासभर. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू.

वीस मिनिटांत मुलांची चुळबुळ सुरू होई. तासाने एक मुलगी म्हणाली, ‘सर, हे फार कठीण आहे.’ मी म्हटलं, शेजारच्या खाटेवरची बाई काल रात्रीपासून हेच करतेय, आणि तिला कुणी मार्क देणार नाहीये.

*

‘डॉक्टर, एक बाटली चढवा ना.’ ओपीडीतलं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन. अशक्तपणा, बाटली. ताप, बाटली. सुईतून थेंब पडताना दिसतात म्हणजे उपचार चाललेत. पाणी घरीच पितोय म्हणजे काहीच नाही. बनगावच्या पाण्याला तिथे ‘तोंडाने घ्यायचं सलाईन’ म्हणत, आणि त्या नावामुळे लोकांचा विश्वास बसला. औषधाइतकाच नावाचाही गुण येतो.

*

महाडची गोष्ट दरवर्षी सांगायचो. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावला की माणसं मरत. आधी घाम, उलट्या, हातपाय गार. काही तासांनी धाप आणि तोंडाला गुलाबी फेस. विंचवावरची लस तेव्हा हाताशी नव्हती. हे गृहस्थ खाटेशेजारी रात्र रात्र बसून काय आधी होतं आणि काय नंतर, ते लिहीत राहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पूर्वलक्षणं छापली: कोणती चिन्हं दिसली की हृदयावर संकट येणार. विष शरीरातल्या ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचं वादळ उठवतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी होती, रक्तदाबाची, स्वस्तातली. तिचा वापर १९८६ मध्ये छापून आला. गंभीर दंशातला मृत्युदर शेकडा तीसच्या वर होता, तो एक-दोनवर आला.

प्राझोसिन विषावर उतारा नाही. विष आपल्या वाटेने उतरतं, तोवर गोळी हृदयाला धरून ठेवते. शब्दशः सपोर्टिव्ह.

पुढे लस आली. तेव्हा आपल्याच गोळीच्या प्रेमात न पडता हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी दोन्हींची तुलना केली. ३५ जणांना प्राझोसिन आणि लस, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटातले ३२, दुसऱ्यातले ८. महाडमधून केलेला हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लस सरस ठरली, तसं त्यांनी छापलं.

ही गोष्ट ऐकून मुलं विचारतात, ‘सर, त्यांच्याकडे ग्रँट होती का?’ माझं उत्तर ठरलेलं: वही होती.

*

आता उलट बाजू. आधार म्हणजे निरुपद्रवी, असा समज ‘फक्त’मध्ये दडलेला आहे.

२०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातला फीस्ट नावाचा अभ्यास आला. तीव्र तापाने आलेली, रक्ताभिसरण ढासळलेली ३,१४१ मुलं. सर्व पुस्तकांत लिहिलेलं की अशा मुलांना झपाट्याने सलाईन द्या. ज्यांना दिलं त्यांतली ४८ तासांत शेकडा १०.५ गेली, ज्यांना झपाट्याने दिलं नाही त्यांतली ७.३. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. जुलाबाची मुलं त्यात घेतली नव्हती, हे लक्षात ठेवायचं. पाणी गेलेल्या मुलाला पाणी हवंच. पण जी गोष्ट इतकी उघड चांगली वाटत होती की तिची परीक्षा घ्यावी असं कुणाला सुचलं नव्हतं, ती परीक्षेत नापास झाली.

माझ्या उमेदवारीत मी किती मुलांना धो-धो सलाईन दिलं असेल, याचा हिशेब त्या रात्री करत बसलो. झोप आली नाही.

*

व्हेंटिलेटरचंही तसंच. फुप्फुसं सुजून निकामी झालेल्या रोग्याला मोठे श्वास द्यायचे, वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटर, ही जुनी रीत. २००० सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ८६१ रोग्यांपैकी निम्म्यांना सहाच दिले. मृत्यू शेकडा ३९.८ वरून ३१ वर. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. बटण थोडं मागे फिरवलं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात अशा रोग्यांना रोज सोळा-सोळा तास पालथं झोपवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू निम्म्यावर आले. कोविडमध्ये ‘पालथे झोपा’ हे घराघरांत पोचलं ते तिथून. नळ्या लावलेल्या माणसाला पालथं करायला चार-पाच जण लागतात, आणि नेमकी कुणी नळी धरायची हे आधी ठरवावं लागतं. हे मी पुस्तकात शिकलो नाही. आयसीयूच्या सिस्टर इन्चार्जने शिकवलं, तेही दटावून.

*

सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सरावाचा स्वतंत्र अध्याय आहे. छेद घ्यायचा सराव कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर. शीर टोचायचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर, कमळाच्या देठावर. पट्टी बांधायचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. शास्त्र शिकून झालं तरी सराव नसेल तर तो कामाला लायक नाही, असा अभिप्राय.

आता प्रत्येक कॉलेजात स्किल लॅब असावी लागते. रबरी हात, प्लास्टिकची छाती, बाळंत होणारा पुतळा. चांगलंच आहे, पहिली सुई माणसाला टोचण्यापेक्षा रबराला टोचलेली बरी. काही ठिकाणी मात्र पुतळे कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली तपासणीच्या दिवशी. पुतळ्याची मर्यादा एवढीच, की तो ‘आई गं’ म्हणत नाही.

म्हणून हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात निरोगी माणसांना रोग्याचं सोंग शिकवलं आणि विद्यार्थ्यांना त्यांना तपासायला लावलं. सहकाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. आज जगभर ते चालतं. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ऑस्की नावाची परीक्षा मांडली: ओळीने टेबलं, प्रत्येकावर एक काम, घंटा वाजली की पुढे. परीक्षकाची लहर कमी चालते. पण आमची पोरं कुठल्याही पद्धतीला पुरून उरतात. एक मुलगा टेबलाशी आला, माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाला, ‘सर, मी पेशंटला धीर देत आहे.’ पेशंट शेजारीच होता. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही. यादीप्रमाणे त्याला एक मार्क द्यावा लागला. अजून रुखरुख आहे.

*

एटकॉम: वृत्ती, नीती आणि संवाद यांचा अभ्यासक्रम. मेडिकल कौन्सिलने पुस्तिका काढली, २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात तो सक्तीचा झाला. ‘मृत्यूची बातमी कशी सांगावी’ यावर तास घ्यायचा, मग मुलांनी लॉगबुकात चिंतन लिहायचं. हेतूबद्दल दुमत नाही. तरी एका वर्षी मी चाळीस लॉगबुकं तपासली आणि एकतीसांत तेच वाक्य होतं, एकाच ठिकाणी स्वल्पविराम चुकलेलं. चिंतन व्हॉट्सॲपवर आलं होतं.

ते वाक्य जिने पहिल्यांदा लिहिलं तिला मी शोधून काढलं. तिच्या घरात खरोखरच मृत्यू झाला होता. बाकीच्या तिसांना तिची नक्कल करताना ते माहीत नव्हतं.

*

प्रयोग. लेक्चरऐवजी वॉर्डातल्या रेक्झिनच्या खाटांवर मुलांना उताणं झोपवलं. अट एकच: दोन तास कूस बदलायची नाही. दोन तास यासाठी की लुळ्या पडलेल्या रोग्याला दर दोन तासांनी वळवा, हे सगळ्यांना पाठ असतं. अकरापैकी दहाजण अर्ध्या तासाच्या आत हलले. माकडहाड, टाचा, खांदे, बेडसोर कुठे होतो ते न वाचता समजलं. अकरावा झोपला होता.

*

वडील गेले ते एका मोठ्या इस्पितळात, नाव कशाला. शेवटचे नऊ दिवस. तपासण्या वेळेवर, अँटिबायोटिक भारी, बिल बिनचूक. तोंड कोरडं पडून जीभ टाळूला चिकटली होती. मी डॉक्टर, माझ्याही ते सहाव्या दिवशी लक्षात आलं. तेही बहिणीने ओल्या फडक्याने जीभ पुसली तेव्हा. वडील तीन दिवसांत पहिल्यांदा स्पष्ट बोलले: ‘बरं वाटलं गं.’

त्या वेळी वॉर्डात कागदावर काय लिहिलं होतं ते सांगायला नको.

*

पॅलियम म्हणजे लॅटिनमध्ये अंगावर घ्यायचं वस्त्र. पॅलिएटिव्ह शब्द तिथला. पांघरूण घालणं. मराठीत ‘परिहारक सेवा’ म्हणतात, पण वॉर्डात सगळे पॅलिएटिव्हच म्हणतात.

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना १९८६ पासून आहे. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काम सुरू केलं आणि पुढे केरळात शेजारपाजारचे लोकच रोग्याची जबाबदारी घेऊ लागले. अडचण मॉर्फिनची. अफू या देशात पिकते, मॉर्फिन इथे तयार होतं, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने ते कॅन्सरच्या रोग्यालाच मिळेना. दुरुस्तीला २०१४ साल उजाडलं. मधल्या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन लिहायला न शिकताच बाहेर पडली. कायदा बदलून तिचा हात बदलत नाही.

हे सगळं मरणाच्या दारातल्या माणसासाठी, असं मुलं समजतात. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या बळावलेल्या कॅन्सरचे १५१ रोगी घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटाचं जगणं सुसह्य झालं, अखेरच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले, आणि आयुष्य? मध्यक ८.९ महिन्यांवरून ११.६. हा अभ्यास २०१० चा. हे आकडे एखाद्या नव्या औषधाचे असते तर त्या कंपनीने गोव्यात कॉन्फरन्स भरवली असती.

*

सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून प्रत्येक बॅच एक खेडं दत्तक घेते. मुलं तिथे तळ ठोकतात, कुटुंबं वाटून घेतात आणि पुढची वर्षं जात राहतात. डॉ. सुशीला नय्यर यांची ही घडी. अलीकडे देशभरच्या कॉलेजांना कुटुंब दत्तक योजना लागू झाली. बस करून जायचं, बीपी मोजायचं, फोटो काढायचा, परत. तरी माझ्या ओळखीचा एक मुलगा दर महिन्याला स्वतःच्या गाडीने जातो, कारण दत्तक घरातली आजी इन्सुलिनची बाटली कुठे ठेवायची म्हणून त्याची वाट बघते. घरी फ्रिज नाही. माठाजवळ ओल्या कापडात ठेवायला त्याने शिकवलं. प्रश्नपत्रिकेत हे येत नाही.

*

शिकवणं म्हणजे काय याचा सगळ्यात चांगला धडा मला मेडिकल कॉलेजात मिळाला नाही. तो गडचिरोलीचा आहे. १९९५ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. ऊब, अंगावरचं दूध, वजन, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन. तुलनेला ४७ गावं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे २०११ मध्ये ‘आशा’ ताईंच्या कामात ते देशभर घेतलं गेलं.

आमची मुलं बारा वर्षांच्या शाळेनंतर नीटमध्ये लाखांतून निवडलेली. त्या बाया पाचवी-दहावीच्या उंबऱ्यावरून आलेल्या. फरक बुद्धीचा नव्हता. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी करायचं होतं, आणि केलं की नाही हे बघायला कुणीतरी येणार होतं. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी शिकलेलं पाचव्या वर्षी विचारतात, तेही तोंडी.

*

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या परीक्षेत मी प्रत्येकाला एकच जादा प्रश्न विचारला: तुझ्या केसच्या पेशंटने काल रात्री काय खाल्लं? निदान सगळ्यांचं बरोबर होतं. बावीसपैकी चौघांना उत्तर आलं. त्यांतल्या एकीने सांगितलं, ‘पेज, अर्धी वाटी, मीच भरवली, सर. नातेवाईक जेवायला गेले होते.’ बाहेरचे परीक्षक म्हणाले, याला मार्क कशात धरायचे? रकाना नव्हता. मी ‘एकूण प्रभाव’मध्ये धरले.

*

जाता जाता, घरच्यांसाठी. ओआरएसच्या मोठ्या पाकिटाला, म्हणजे साधारण एकवीस ग्रॅमच्या, पुरतं एक लिटर पाणी लागतं; चार ग्रॅमच्या आसपासच्या छोट्याला २०० मिलिलिटर. पेलाभर पाण्यात मोठं पाकीट ओतलं तर मीठ घातक ठरतं, पाकीट पुरवून वापरावं म्हणून पाणी वाढवलं तर उपयोग होत नाही. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्यायचं. बाटलीबंद गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई झाली आहे, तरी दुकानात मागताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहून घ्या.